जिच्या शिवीवाचून हळद लागत नसे

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत माझा छापखाना होता. विमानतळाच्या जमिनींचे पैसे गावोगाव आले त्या वर्षांत मी लग्नपत्रिकांशिवाय दुसरं काही छापलंच नाही. पत्रिका कसल्या, दरवाजे होते ते! एक पत्रिका उघडायला दोन माणसं लागायची, आणि तिसरा आतली नावं वाचून संपवेपर्यंत मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असायची. निमंत्रक, स्वागतोत्सुक, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, शिवाय येणार नाहीत हे नक्की पण फोटो पाहिजेच असे सन्माननीय.

असा एक दरवाजा काखेत मारून एके दिवशी एक बाई माझ्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली. साठीची, काळी, ठेंगणी, गुडघ्यापर्यंत घट्ट कसलेलं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागे ट्रेडल मशीन धडधडत होतं. त्या मशीनपुढे मला माझ्या बायकोचाही आवाज कधी ऐकू आला नव्हता, आणि ती काही हळू बोलणाऱ्यांतली नव्हे. पण ही बाई बोलली आणि मशीनच गप्प झालं. माझा कामगार म्हणतो, वीज गेली होती. मी म्हणतो, मशीन घाबरलं.

"यान मांडववाल्याचा नाव हाय, बर्फवाल्याचा नाव हाय," ती म्हणाली. "लगीन मी लावतंय. माजा नाव कुठं हाय?"

"बाई, आपण कोण?"

"चांगुना धवलारीन. एवरा मोठा छापखाना मांडून बसलास, नि मी कोन ता म्हाईत नाय?"

मला खरंच माहीत नव्हतं. बाजारपेठेपासून तिचं गाव सहा-सात किलोमीटर, पण मी त्या गावाची फक्त आडनावं छापत होतो. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं उरकून मोटारसायकलवरून पुढच्या मुहूर्ताला पळतो. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं लग्न धवलारणीच्या गळ्यावर चालतं. मांडवाचा खांब पुरताना ती गाते, देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, हळद दळताना गाते, लावताना गाते. या गाण्यांना धवले म्हणतात. एकही ओळ कुठे लिहिलेली नाही. चांगुणाबायने ते सासूकडून घेतले, सासूने तिच्या सासूकडून.

पुढच्या पत्रिकेत मी तिचं नाव घातलं, बर्फवाल्याच्या वर. बर्फवाला महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून ती बाजाराला आली की माझ्याकडे बसायची. मला "छापखान्या" म्हणायची. चहा बशीत ओतून सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा फुरका मारायची आणि जाताना माझ्या पत्रिकांवरच्या गणपतींची तपासणी करायची. "ह्याचा पोट बसलाय. उपाशी ठेवलास काय रं याला?" लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाचशे घरांच्या सात पिढ्या तिला पाठ होत्या. सरकारी मोजणीवाल्यांनी नकाशे गुंडाळून हिलाच विचारलं असतं, तर विमानं दहा वर्षं आधी उडाली असती.

तिची खरी कला हळदीच्या दिवशी बघावी. देवांची आवतणं संपली की ती पदर खोचायची आणि शिव्या सुरू करायची. गाण्यात, तालावर, एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन. आत्या, मामा, काका, विहीण, कोणी सुटत नसे. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं, हळद लावायची आणि जमलं तर गाण्यातच उलट उत्तर द्यायचं. इथली गोम अशी, की ज्याला शिवी मिळाली तो घरचा. ज्याला मिळाली नाही तो नुसता जेवायला आलेला. एका लग्नात नवऱ्याच्या चुलत मामाचं नाव घ्यायचं चुकून राहिलं, तर तो पंचावन्न वर्षांचा बाप्या मांडवाच्या खांबाला धरून एवढा रडला, की खाडीला अवेळी भरती आली असं त्या गावचे लोक सांगतात. चांगुणाबायने त्याच्या घरी जाऊन त्याला अर्धा तास शिव्या दिल्या, तेव्हा कुठे तो जेवला.

आता मूळ गोष्टीकडे येतो, आणि येतानाच माझं डोकं तापायला लागतं.

त्या सुमाराला उरणच्या एका रिक्षावाल्या पोराने कॉम्प्युटरच्या ठेक्यावर एक गाणं म्हटलं. विहीण लग्नाला येते, पाटावर बसते आणि पाट मोडतो. गाणं वणव्यासारखं पसरलं. उरणपासून पनवेलपर्यंत एक हळद त्याच्याशिवाय होईना. ट्रकभर डीजे लावून वाजवायचे. आवाज भयंकर होता हे मी कबूल करतो. दोन गल्ल्या पलीकडे वाजलं तरी माझ्या खिळ्यांच्या पेटीतली अक्षरं उड्या मारून घरं बदलायची, आणि त्या आठवड्यात एका वधूच्या बापाच्या नावापुढे माझ्याकडून 'सौ.' छापलं गेलं. आवाजावर बोलायला माझी ना नव्हती.

पण माणसं आवाजावर बोलत नव्हती. ती अब्रूवर बोलत होती. अश्लील गाणी, बाहेरून आलेली थेरं, पोरी नाचतात, समाज बुडाला, आपली खरी संस्कृती गेली. वर्तमानपत्रांत पत्रं, देवळात सभा. आणि या सगळ्याच्या पुढे दामूशेट. चांगुणाबायच्याच गावचा. लहानपणी बापाबरोबर मिठागरात मीठ ओढलेला, आता बिल्डर. बोटांत इतक्या अंगठ्या, की नमस्कार केला तर टाळ वाजल्यासारखा आवाज यायचा. त्याने संस्कृती-रक्षणाची एक समिती काढली आणि स्वतःला अध्यक्ष नेमलं.

माझ्या छापखान्यासमोर सलीमभाईंचं सीडीचं दुकान होतं. एकदा चांगुणाबाय माझ्याकडे बसलेली असताना तिथे ते गाणं लागलं.

*ईन आली, ईन आली, बसली पाटावर,*
*पाट मोरला, जोतं खचलं, हात कपालावर!*

बशी खाली ठेवून ती उठली आणि रिक्षा-बिक्षा काही न बघता रस्ता ओलांडून थेट दुकानात शिरली. मला वाटलं, आता सीड्या फुटणार.

"बंद कर," ती म्हणाली.

सलीमभाईंनी बंद केलं. "माफ करना मावशी. लोक म्हणतात गंदं आहे, पण गिऱ्हाईक मागतंय."

"गंदा कनाला? माज्या आजेसासूचा गाना हाय ता. पन अर्धाच बोललाय मुडदा. ईनीचा जबाब कुठं हाय?"

"जबाब?"

"आवो, नुसती शिवी म्हंजे भांडन. जबाब आला का सोयरीक जाली!"

आणि तिने दुकानात उभं राहून विहिणीचं उत्तर म्हटलं.

*पाट तुजा कुजका व्हता, ईनबाय, दोष कनाला मना?*
*अंगावर माज्या म्हायेरचं सोनं, तोलून दाव ना!*

"खुदा कसम," सलीमभाई म्हणाले, "ही बाई आधी भेटली असती तर मी दुकान दुप्पट मोठं घेतलं असतं."

ती दुसऱ्या दिवशी एसटीने उरणला गेली. रिक्षास्टँडवर त्या पोराला शोधलं, त्याचा कान धरला आणि त्याच्याच रिक्षात बसून, मीटर न टाकता, त्याला उत्तराची सगळी कडवी शिकवली. संध्याकाळपर्यंत स्टँडवरच्या चाळीस रिक्षावाल्यांना ती पाठ झाली होती आणि उरणमध्ये एकाही प्रवाशाला रिक्षा मिळाली नव्हती. पोराने गाणं उत्तरासकट पुन्हा काढलं. आता ते गावच्या म्हाताऱ्याही म्हणायला लागल्या. दामूशेट पिसाळला.

तो माझ्याकडे आला. "छापखानेवाले, एक जळजळीत पत्रक लिहून द्या. असं, की वाचून माणसाला लाज वाटली पाहिजे."

इथे मी हुशारी केली. माझ्या वडिलांनी छापलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत आमच्याकडे जपलेली होती. त्या गठ्ठ्यात मला एक पिवळं पत्रक सापडलं. लग्नात कर्णकर्कश बँड आणू नये, त्याने तरुण बिघडतात, स्त्रियांचा अपमान होतो, बापजाद्यांची संस्कृती बुडते. खाली पहिली सही दामूशेटच्या आजोबांची. मी सगळा मजकूर जसाच्या तसा ठेवला. फक्त 'बँड' काढून 'डीजे' घातलं आणि आजोबांच्या जागी नातवाचं नाव.

दामूशेटने ते वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. "वा! माझ्या मनातलं लिहिलंत बघा. असं आजवर कुणी लिहिलं नव्हतं."

मी आठवडाभर पेठेत सगळ्यांना ही गोष्ट सांगून हसवलं. मला वाटत होतं, मी त्याची टर उडवली. पण पत्रक घरोघर गेलं, लोकांनी ते खरं मानलं आणि समितीचं वजन वाढलं. टर माझी उडाली होती, ते मला फार उशिरा कळलं.

मग देवळाच्या सभामंडपात रविवारी सकाळी सभा झाली. चांगुणाबायला मार्गदर्शक म्हणून बोलावलं होतं. शाल, नारळ, फोटोग्राफर, सगळा थाट. दामूशेट अर्धा तास बोलला. बाहेरून आलेला कचरा, आपला मूळचा पवित्र ठेवा वगैरे. शेवटी म्हणाला, "आता ही शुद्ध परंपरा आपण चांगुणाबायच्या मुखातून ऐकू."

चांगुणाबायने माईक बाजूला सारला आणि पाटाचं तेच गाणं सुरू केलं. तिच्या आजेसासूच्या चालीत, संथ, एकेक शब्द चावत. मग ती थेट अध्यक्षांकडे वळली.

*दामू मामा आला लग्नाला, जेवला टोपलाभर,*
*काम सांगता कंबर धरली, निजला आठवराभर!*

बायका फुटल्या. आणि मागून, पार शेवटून, एक चिरका आवाज उत्तर देत उठला. दामूशेटची आई. ऐंशीची, वाकलेली, हातात काठी. ती आपल्या मुलाच्या बाजूने उत्तर देत होती, कडवं जोडून कडवं, आणि प्रत्येक कडवं चांगुणाबायच्या कडव्यापेक्षा दोन बोटं जास्त अचकट. दोघींची पंधरा मिनिटं जुंपली. पुढच्या रांगेतले प्रतिष्ठित चपला शोधायला लागले.

"आय, बस खाली!" दामूशेट ओरडला.

"कनाला बसू? तुज्या बापाच्या हलदीला हाच गाना व्हता. म्हनून तू जालास!"

त्या सभेनंतर एखाद्या शहाण्या माणसाने समिती बरखास्त केली असती. दामूशेट शहाणा नव्हता, श्रीमंत होता. तो म्हणाला, जुन्या काळी हे ठीक होतं, आता चार मोठे लोक येतात, व्हिडिओ निघतात, जग काय म्हणेल? म्हणजे डीजेचं गाणं वाईट, कारण ते आपलं नाही. आणि आपलं निघालं, तर आपलंच वाईट! या माणसांना गाण्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना आपल्या आयांची लाज वाटत होती. ती त्यांनी डीजेच्या ट्रकवर लादली होती, तिथून उतरवली आणि चांगुणाबायच्या डोक्यावर ठेवली.

समितीने एक पुस्तिका काढली. सोळा नियम आणि मागे 'संस्कारित धवले'. हळदीत पुस्तिकेतलंच गायचं, नाहीतर समिती त्या घरी जेवायला जाणार नाही, असं दामूशेटने देवळातल्या माईकवरून जाहीर केलं. शिव्यांची सगळी कडवी गाळलेली. देवांची आवतणं शिल्लक, पण तीही धुऊन, इस्त्री करून. ती पुस्तिका कुणी छापली? मी. एवढंच नाही, मुद्रितं तपासताना जिथे जिथे 'हलद' होतं तिथे तिथे मी लाल शाईने 'हळद' केलं. सवयीने. हाताला लागलेली सवय.

ती आली. तिने कुणाकडून तरी पुस्तिका वाचून घेतली होती.

"छापखान्या, तू छापलंस ह्या?"

"धंदा आहे, बाय. मी नाही तर दुसऱ्याने छापलं असतं."

"मंग दुसऱ्यान छापाचा व्हता."

माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पुस्तिका काउंटरवर ठेवली. "माज्या जिबेवर रंधा मारलास," एवढं म्हणून चहा न घेता गेली.

लोकांनी तिला बोलवणं सोडलं. भांडण करून नाही, घाबरून. समिती जेवायला आली नाही तर मांडवाची शोभा जाते, आणि पैसा आल्यापासून शोभेशिवाय या माणसांचं पान हलत नव्हतं. लग्नसराईत जिला पाणी प्यायला सवड नसे, ती ओट्यावर बसून भाजी निवडताना दिसायला लागली. ज्या घरांत तिने तीन-तीन पिढ्यांना हळद लावली, त्या घरांच्या गाड्या तिच्या ओट्यापुढून काचा वर करून जायच्या.

आणि मग दामूशेटच्याच मुलीचं लग्न निघालं.

त्याच्या आईने अंथरूण धरलं. चांगुणा आल्याशिवाय नातीला हळद लागली तर मी उठणार नाही, असं सांगून तिने अन्न सोडलं. दामूशेटला जावं लागलं. अट एकच: पुस्तिकेतलंच गायचं. सगळ्यांना वाटलं, ती त्याला हाकलून देईल. ती म्हणाली, "येतंय."

पत्रिका माझी म्हणून मलाही आमंत्रण होतं. संध्याकाळी चारला मांडव भरला. एवढा मोठा मांडव, की या टोकाच्या पाहुण्यांना त्या टोकाचे पाहुणे परगावचे वाटत होते. दोनशे-अडीचशे सोयरे हळदीच्या पाटाभोवती दाटीने बसले. पुस्तिका असली तरी चांगुणाबाय ती चांगुणाबाय, काहीतरी करणारच, अशी सगळ्यांची खात्री. मामा मिशीला पीळ देऊन तयार. आत्याने उत्तर आधीच जुळवून ठेवलेलं, ओठ हलत होते.

चांगुणाबायने धवले म्हटले. पुस्तिकेतले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. तिला वाचता येत नव्हतं, नातीकडून ऐकून सगळे पाठ केले होते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. 'हळद' म्हणताना ळ एवढा स्वच्छ, की शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटली असती. देव बोलावले, पितर बोलावले. मग शेवटचं पान संपलं आणि ती थांबली.

सगळे वाट बघत होते.

"जालं," ती म्हणाली.

कोणी उठेना. नाव घेतल्याशिवाय हळदीला हात कोण लावणार? मुलगी पाटावर बसलेली, वाटी भरलेली, आणि अडीचशे माणसं एकमेकांकडे बघतायत. आत्या पुढे सरकली. "बाय, मना बोल ना गो. माजा नाव घे."

"छापलेला नाय."

मामा उठला, मांडवाबाहेर जाऊन गाडीत बसला आणि दार लावून घेतलं. मग दामूशेटच्या आईला खुर्चीतून उचलून आणलं. तिने चांगुणाबायचे दोन्ही हात धरले. "चांगुने, एक तरी शिवी दे गो. या घरान कोन माजा हाय का नाय?"

चांगुणाबायच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलेलं मी पाहिलं. पण आवाज दगडासारखा होता. "मना नको इच्यारू, आय. तुज्या पोराला इच्यार."

दामूशेट उठला. समितीचे लोक पहिल्या रांगेत बसले होते, वर कॅमेरा फिरत होता. तो तिच्यापर्यंत आला, वाकला, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाय, घे माझं नाव. काय पाहिजे ते बोल."

"मोठ्यान सांग," ती म्हणाली. "बंद केलास तवा माईकवर सांगलास."

चार पावलांवर माईक होता. दामूशेटने माईककडे पाहिलं, पहिल्या रांगेकडे पाहिलं. एवढा पैसा असलेला माणूस, पण ती चार पावलं त्याला परवडली नाहीत. तो परत जाऊन खुर्चीत बसला. शेवटी मुलीच्या आईने एकटीनेच हळद लावली. व्हिडिओवाल्याने नंतर त्याच्यावर सनई घातली म्हणे.

चांगुणाबाय लुगडं झटकून उठली आणि अडीचशे माणसांमधून चालत निघून गेली. मी टाळी वाजवायला हात उचलले होते. मग माझ्या लक्षात आलं, की तिने आत्ता म्हटलेला प्रत्येक स्वच्छ ळ माझ्या लाल शाईतून आलेला होता. हात खाली घेतले.

पुढे विमानतळासाठी तिचं गाव उठलं. ती मुलाबरोबर उलव्याला राहायला गेली. मी छापखाना बंद केला. माझा मुलगा म्हणाला, आता पत्रिका मोबाइलवर जातात.

दोन वर्षांनी एका कामासाठी उलव्याला गेलो होतो. जिकडे पाहावं तिकडे अर्धवट इमारती. एका इमारतीच्या पायथ्याशी, पत्र्याच्या खोल्यांपुढे, बांधकामावरच्या मजुरांच्यात लग्न होतं. कुठली कुठली माणसं, कुणी लातूरकडची, कुणी तेलंगणातली, कुणी ओडिशाची. मधोमध चांगुणाबाय. आमंत्रण असेल असं मला वाटत नाही. ती शेजारच्याला नाव विचारत होती आणि त्याच्यावर तिथल्या तिथे कडवं रचत होती. मुकादमाला शिवी दिली, क्रेनवाल्याला दिली, सिमेंटच्या गोण्या वाहणाऱ्या दोघी बहिणींना दिली, वॉचमनला दिली. भाषा त्यांच्यातल्या निम्म्यांना कळत नव्हती. तरी नाव आलं की माणूस उठून हळद लावत होता, आणि एका बाईने तर आपल्या भाषेत तारस्वरात उलट उत्तर दिलं. चांगुणाबायने मांडीवर थाप मारून दाद दिली.

मी घोळक्यात शिरलो आणि रांगेत जाऊन बसलो. ती एकेक माणूस घेत माझ्या बाजूला येत होती. वॉचमननंतर एक गवंडी, मग मी. गवंड्याचं झालं. तिने मला पाहिलं. ओळखलं. क्षणभर तिचे ओठ उघडले.

मग तिने माझ्या पलीकडे बसलेल्या माणसाला विचारलं, "तुजा नाव काय, बाबा?"